कामावर निघण्यापूर्वी शेजारच्या मावशीला एवढे दाखवून ठेवा

धुणीभांडी, बांधकाम, सफाई, कारखान्यातील पॅकिंग अशा कामांसाठी आपल्या वस्तीतील कित्येक भगिनी पहाटेच घराबाहेर पडतात. लहान मूल मागे राहते ते सासूबाईंकडे, शेजारच्या मावशीकडे, नाहीतर थोरल्या मुलीकडे.

थोरल्या मुलीविषयी आधी स्पष्ट लिहावेसे वाटते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला आहे. धाकट्यासाठी तिची शाळा बुडवायची आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायचा, हे जुळत नाही. मावशीला महिन्याला पैसे द्यावे लागले तरी द्यावेत.

"मावशीने पाच लेकरे वाढवली, तिला काय शिकवायचे?" असे म्हणून मात्र चालत नाही. तुमच्या घरातील संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली कोठे असते, हे तिला कसे ठाऊक असणार? सुट्टीच्या दिवशी तिला बोलवा, चहा करा आणि घर दाखवा.

सुरुवात मोरीपासून करावी. नळ ठराविक वेळी येतो म्हणून आपण पिंपे, बादल्या भरून ठेवतो. रांगणाऱ्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले की तोल जातो आणि पुन्हा वर येता येत नाही. वीतभर पाणीही जीव घेते, तेही आवाज न होता. पिंपावर घट्ट झाकण हवे, रिकामी बादली उपडी हवी. मूल मोरीत असताना मावशीने भांडणाचा आवाज ऐकून दारात जायचे नाही. (आमच्या चाळीत हेच अवघड!)

फिनेल, रॉकेल, उंदराचे औषध शीतपेयाच्या बाटलीत कधीच ठेवू नये. मुलाने प्यायल्यास मिठाचे पाणी देऊन उलटी करवू नका; ती बाटली घेऊन सरळ दवाखाना गाठा. भाजल्यास टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका; वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. वर्षाच्या आतील बाळाच्या घशात काही अडकून श्वास कोंडला, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली धरून तळहाताच्या टाचेने पाठीवर पाच थापा द्याव्यात. हे मावशीकडून उशीवर करवून घ्या. दारामागे १०८ आणि तुमच्या कामाच्या ठिकाणचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीची बाजू मांडली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. कारखान्यातील भगिनींनी ते युनियनमार्फत मागावे. चार घरची धुणीभांडी करणारीला त्याचा उपयोग नाही; तिची भिस्त मावशीवरच.

म्हणून संध्याकाळी आल्यावर मूल कोठे पडले, काय खाल्ले, कोण घरी येऊन गेले, हे मावशीला रोज विचारा. विचारताना रागावू नका, नाहीतर उद्या ती सांगणार नाही.