काशीदच्या उकाड्यात उंदीरमामांची बडदास्त

पाळीव उंदरांवरची बहुतेक पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली. पिंजरा उबदार ठेवा, पांघरूण घाला, असा त्यांचा धोशा. रायगडातल्या काशीदच्या किनाऱ्यावर हा उपदेश उलटा वाचावा. इथे उंदराला छळतो तो वैशाखातला चिकट उकाडा आणि त्यामागून येणारी चार महिन्यांची ओल.

शेपटीचा कूलर
तळपाय सोडले तर उंदराला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो. १८ ते २६ अंश तापमान त्याला मानवतं. पारा तिशीपार गेला आणि हवा दमट असली की तो लाळ अंगाला फासू लागतो. असं दिसलं की पिंजरा पत्र्याखालून हलवून थंड फरशीवर आणा. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. उथळ ताटलीत पाणी घालून मटारदाणे सोडा. दाणे वेचताना पाय भिजतात आणि खेळही होतो. एसीवर मात्र विसंबू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडला धडकलं, तेव्हा कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती.

दमट हवेचा एक फायदा आहेच. फार कोरड्या हवेत पिल्लांच्या शेपटीला कड्यांसारखे आवळ पडतात, प्रसंगी शेपटीचा तुकडा गळतो. काशीदकरांनी ही चिंता खुशाल सोडावी.

उलटी होतच नाही
उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलं ते गेलं! म्हणूनच पावसाळ्यात बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मका त्याला घातक. दाणागोटा थोडाथोडा आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अंथरायला कागदाच्या पट्ट्या बऱ्या. वखारीतल्या भुशाची धूळ नाकात जाते. ओलं अंथरूण रोज बदला, नाहीतर मुताचा अमोनिया फुफ्फुसांना बाधतो. नाकाडोळ्यांपाशी लाल डाग दिसला तर ते रक्त नव्हे, डोळ्यामागच्या ग्रंथीतलं रंगद्रव्य. पण डाग रोज दिसू लागले, श्वास घरघरू लागला, तर पशुवैद्याकडे चला.

आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) विसरू नका. बाहेरच्या उंदरांना पिंजऱ्यापाशी फिरकू देऊ नका. हाताला जखम असेल तर हातमोजे घालूनच सफाई करा.

ताटात काय?
मोठ्या उंदराला दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं: नाचणी, ज्वारी, जोडीला भाजी, अधूनमधून उकडलेलं अंडं. रायगडचे वाल द्यायचे तर शिजवूनच. सुका जवळा चिमूटभर, मीठ धुऊन काढून. संत्र्याची साल नराला नकोच. तिच्यातल्या लिमोनीनने फक्त नर उंदरांच्या मूत्रपिंडाला अपाय होतो, माद्यांना आणि आपल्याला नाही. भाद्रपदात बाप्पाच्या वाहनाला मोदक हवाच, पण नखभर. दात जन्मभर वाढतात, तेव्हा कुरतडायला नारळाची करवंटी द्या. टांगली की तिचाच पाळणा होतो.

हिवाळा
काळजीचं फारसं काही नाही. हा ऋतू खेळायचा. गुदगुल्या केल्या की उंदीर हसल्यासारखा चिवचिवतो, फक्त तो आवाज आपल्या कानांच्या टप्प्यापलीकडचा. बर्लिनच्या संशोधकांनी तर २०१९ मध्ये उंदरांना लपंडाव शिकवून दाखवला.

उंदीर एकटा झुरतो, म्हणून जोडी घ्या. पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. मादी २१ ते २३ दिवसांत विते आणि विल्यावर दिवसभरातच पुन्हा गाभण राहू शकते.