बोनेटची झिलमिली

सोसायटीच्या जिन्याखाली विजेच्या मीटरची पत्र्याची पेटी असते. तिच्या दारावर एकाखाली एक फुगीर खाचा असतात, एक कड उघडी आणि बाकी तीन पत्र्यातच. त्यांना लूव्हर म्हणतात. जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी झिलमिली असायची, तिचीच ही लोखंडी भाची. आपल्याकडे पेटीवरच्या या खाचांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. अमेरिकेत मात्र तीच खाच जुन्या फोर्डच्या बोनेटवर मारायची असली, की गाडीचा मालक प्रेसशेजारी श्वास रोखून उभा राहतो. हिशेब नगावर असतो: जितक्या खाचा, तितके पैसे.

ही हौस आली कॅलिफोर्नियातून. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं, ६५ अश्वशक्तीचं. त्याची एक खोड होती. धुराचे मार्ग सिलिंडरच्या ब्लॉकमधूनच बाहेर जात, त्यामुळे पाणी लवकर तापे. लॉस एंजेलिसच्या आसपासची पोरं जुन्या फोर्ड उचलत, इंजिनं खुलवत आणि म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांच्या पात्रात पळवत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची संघटना झाली, १९४९ पासून युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर शर्यती भरू लागल्या. बोनेटखालची गरम हवा बाहेर काढायला खाचा, डिकीखाली कोंडलेली हवा सोडायला खाचा. पुढे कारण मागे पडलं आणि शोभा उरली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या डिकीवरच्या बहुतेक ओळी निव्वळ नखरा आहेत, असं माझं मत. काही तर उलट काम करतात. समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथे मारलेल्या खाचेतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते.

अशा खाचा मारून देण्याचा धंदा सुरू करायचा तर आधी प्रेसचा घसा बघावा लागतो. घसा म्हणजे पत्र्याच्या कडेपासून पंच किती आत पोचतो ते अंतर. साध्या प्रेसचा घसा वीतभर. चार फुटी डिकीच्या मध्यावर पोचायला दोन फूट हवा. म्हणून अनेक जण जाड प्लेटा वेल्ड करून इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा सांगाडा स्वतःच बनवतात आणि वर हायड्रॉलिक सिलिंडर बसवतात. लांब हात दाबाखाली वाकतो, जबडा किंचित फाकतो आणि पंच खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर, तिरका बसतो. मग कड कापली न जाता फाटते. सांगाड्यात वाचवलेलं लोखंड असं गिऱ्हाइकाच्या बोनेटवर वसूल होतं.

डाय मोठी चतुर चीज आहे. पंचाची एक कड धारदार, बाकीच्या गोलसर. एकाच फटक्यात धारेची बाजू पत्रा कापते आणि उरलेला पंच तोच पत्रा ताणून फुगवतो. अठरा-वीस गेजचा मऊ पत्रा हे निमूट सोसतो. मऊ ॲल्युमिनियमही चालतं. कडक केलेलं मात्र टोकांना चिरतं. फुगवट्यासाठी लागणारा पत्रा आजूबाजूचाच ओढला जातो, म्हणून खाचा वाढत गेल्या की सपाट बोनेट कढईसारखं वळू लागतं. रंग आणि लांबी आधीच खरवडून काढावी लागते, नाहीतर पहिल्याच फटक्याला लांबीचा पोपडा उडतो. खालच्या पट्ट्या आड येत असतील तर त्यांचे स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवायचे.

खरा वेळ खातं ते आखणं. मध्यरेषा, चिकटपट्टी, पेन्सिल. सुईने ओरखडा काढायचा नाही, तो रंगाखालून वर येतो. नवखा माणूस एका खाचेवरून पुढची मोजतो. दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तरी वीस खाचांत दहा मिलिमीटरचा घोळ, आणि शेजारची ओळ त्याची चुगली करते. जाणता प्रत्येक खाच मूळ रेषेपासून मोजतो. पैसे फटक्याचे मिळतात, दिवस जातो फुटपट्टीत. दर ठरवताना नवा धंदेवाला नेमकं हेच विसरतो. आणि जोखीम? कापलेला पत्रा पुन्हा जोडून गुळगुळीत करण्यापेक्षा दुसरं बोनेट शोधणं सोपं. पण अस्सल ३२ सालचं बोनेट मिळणार कुठे? म्हणून पहिला फटका नेहमी रद्दी पत्र्यावर, त्याच गेजच्या.

मग खराखुरा पत्रा. दोघं जण दोन टोकांनी बोनेट धरतात, पेन्सिलीची रेघ डायच्या खुणेवर येते, पायाखालचं पॅडल दबतं. कट् असा कोरडा आवाज. बोनेट इंचभर सरकतं. पुन्हा कट्. ओळ संपली की ते उभं करून एक डोळा मिटून बघायचं, खाचांच्या कडा एका रेषेत येतात का. मालक न राहवून बोटं फिरवायला पुढे होतो, तेव्हा कारागीर त्याचा हात धरतो. कड अजून घासलेली नसते, आणि ती ब्लेडसारखी कापते.