भोपळ्याच्या फुलातला मकरंद आणि वेलीचे दुखणे

भोपळ्याच्या वेलीवर आधी नरफुले उमलतात, मादीफुले मागाहून येतात आणि संख्येनेही कमी असतात. फूल पहाटे उघडते, दुपारपर्यंत मिटते. एवढ्या वेळात मधमाशीने नरफुलातले पराग मादीफुलात पोचवायचे, नाहीतर पाकळ्यांखाली धरलेला इवलासा भोपळा पिवळा पडून गळणार.

माशी येते ती मकरंदासाठी. नरफुलात तो पुंकेसरांच्या बुडाशी झाकलेला असतो, बारीक फटींतून सोंड घालावी लागते. मादीफुलात तो कुक्षीवृंताभोवतीच्या कड्यात उघडाच साठतो आणि असतोही जास्त. इटलीतल्या सिएना विद्यापीठाच्या मास्सिमो नेपी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोन्ही फुलांचा स्राव मोजून दाखवला. कोणी न उचललेली साखर फूल परत शोषून घेते, हेही त्यांनी नोंदवले. मला ही काटकसर फार विलक्षण वाटते. साखर ही वेलीची कमाई आहे, ती वाया घालवणे तिला परवडत नाही.

पण मकरंदग्रंथी हे वेलीच्या घराचे मागचे दारही आहे. मकरंद पर्णरंध्रांसारख्या छिद्रांतून पाझरतो आणि जंतूही तिथूनच आत शिरू शकतात. नासपतीच्या अग्निकरप्याचे जीवाणू कीटक एका फुलातून दुसऱ्या फुलात नेतात, हे अमेरिकेत मर्टन वेट यांनी १८९१ मध्येच सिद्ध केले होते. वनस्पतीही हे दार मोकळे सोडत नाहीत. आयोवात रॉबर्ट थॉर्नबर्ग यांच्या गटाला शोभेच्या तंबाखूच्या मकरंदात अशी प्रथिने सापडली, की त्यांच्यामुळे तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि सूक्ष्मजंतूंना वाढणे अवघड जाते.

रोगप्रतिकारक वाणांचा विचार इथे गुंतागुंतीचा होतो. अमेरिकेत १९९४ मध्ये विषाणूरोधक जनुक घातलेल्या स्क्वॉशला, म्हणजे भोपळ्याच्या भाईबंदाला, लागवडीची मोकळीक मिळाली. तेच जनुक रानटी वेलीत आले तर काय होईल, हे पेनसिल्व्हेनियात अँड्र्यू स्टीफनसन यांच्या गटाने शेतात तपासले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणू पसरला तेव्हा जनुक असलेल्या वेली निरोगी राहिल्या, त्यांना फुले भरपूर आली. साध्या वेली मोझॅक या विषाणूरोगाने खुरटल्या. मग काकडीवरचे भुंगेरे निरोगी वेलींकडेच वळले. हे भुंगेरे पाने खातात, फुलांत जमतात आणि त्यांच्या विष्ठेतून जीवाणूजन्य मर पसरते. एका रोगातून वाचलेली वेल दुसऱ्याला जास्त बळी पडली आणि जनुकाचा फायदा बराचसा आटला. ही विष्ठा मकरंदग्रंथीवर पडली तरी लागण होऊ शकते, हे त्याच गटाने पुढे दाखवले.

यावरून प्रतिकारक वाण नकोत, असा अर्थ कोणी काढू नये. मोझॅकने उद्ध्वस्त झालेला काकडीचा प्लॉट ज्याने पाहिला आहे, तो असे म्हणणारच नाही. माझे म्हणणे इतकेच, की वाणाची परीक्षा पानावर थांबू नये. पानावर भुरी किती, केवडा किती, हे मोजताना नरफुले किती आली, मादीफुले किती, मकरंद किती, माश्या किती वेळ थांबल्या, भुंगेरे किती जमले, हेही मोजायला हवे. वेलवर्गीय पिकांत फळधारणा माश्यांच्या हाती आहे आणि रोगाची एक वाटही त्याच फुलातून जाते.

आपल्याकडे मावा मोझॅक पसरवतो, म्हणून फवारणी होते. ती भोपळ्यावर सकाळी झाली तर औषध थेट उमललेल्या फुलांवर आणि त्यांत शिरलेल्या माश्यांवर पडते. फुले मिटल्यावर, संध्याकाळी फवारणे शहाणपणाचे. दुधी आणि दोडक्याचे तसे नाही. त्यांची फुले संध्याकाळीच उघडतात, दुधीवर रात्री पतंग येतात. तिथे फवारणीची वेळ वेगळी ठरवावी लागते. मांडवावर दोडका आणि शेजारी भोपळा असेल, तर ही वेळ प्रत्येक पिकाचे फूल पाहूनच ठरवावी.