औशाच्या बागेतली वाइन 50 वर्षं टिकेल का?

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. औसा तालुक्यातल्या या दादांची तीन एकर द्राक्षबाग आहे. त्यांनी कुठंतरी पाहिलं की फ्रान्समधल्या एका घराण्याची पांढरी वाइन लोक 50-60 वर्षं जपून ठेवतात आणि मग लिलावात विकतात. त्यांचा प्रश्न सरळ आहे: नाशिकला तीच द्राक्षं पिकतात, मग आपण का नाही? थॉमसन काढून वाइनची जात लावू का?

आधीच सांगतो, वाइन प्या म्हणून हा भाग नाही. प्रश्न तीन एकरांचा आहे, म्हणून नीट बघू.

दादा म्हणतात ते घराणं बहुतेक ह्यूएत. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठावर वूव्रे नावाचं गाव आहे. 1928 साली व्हिक्टर ह्यूएत यांनी तिथं बाग घेतली. पुढं मुलगा गास्ताँ यांनी ती नावारूपाला आणली. दुसऱ्या महायुद्धात गास्ताँ पाच वर्षं जर्मनांच्या कैदेत होते. सुटून आले आणि 1947 साली असा हंगाम आला की त्या वर्षीची त्यांची गोड वाइन आजही संग्राहक शोधत असतात. जात एकच, शेनिन ब्लाँ. नाशिकमध्ये पांढऱ्या वाइनसाठी सगळ्यात जास्त ओळखली जाते तीच.

मग फरक कुठं पडतो? पहिली गोष्ट आंबटपणा. लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळं, हे आपल्याला घरातूनच माहीत आहे. वाइनचंही तसंच. द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आम्ल कमी होतं. रात्री थंड असल्या तर आम्ल सावकाश कमी होतं. उष्ण असल्या तर त्यातलं मॅलिक आम्ल झपाट्यानं जळून जातं. वूव्रेत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे थंडी वाढत असताना. आपल्याकडं एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि काढणी जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन वाढत असताना. उलटं गणित आहे बघा. शेनिन मुळात आंबट जात, म्हणून आपल्या उन्हातही तग धरते. पण वूव्रेइतका आंबटपणा उरत नाही.

दुसरी गोष्ट साखर. आपल्याकडं भुरी, डाऊनी म्हटलं की पोटात गोळा येतो. तिथं काही वर्षी घडावर बोट्रायटिस नावाची बुरशी यावी म्हणून वाट बघतात. सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं जमलं तर ती मण्यातलं पाणी कमी करते. साखर आणि आम्ल दोन्ही घट्ट होतात. मग मजूर त्याच ओळीत दोन-तीनदा फिरून पिकलेले घड निवडून तोडतात. हवामान जमलं नाही, तर त्या वर्षी गोड वाइन करायचीच नाही, कोरडी करायची. काय करायचं हे वर्ष ठरवतं, मालक नाही.

तिसरी गोष्ट जागा. वूव्रेत मऊ चुनखडीच्या टेकड्या आहेत, त्यांच्या पोटात कोरलेली तळघरं. उन्हाळा असो की हिवाळा, आत गारवा जवळपास सारखाच. 1980च्या दशकात वेगवान रेल्वेचा मार्ग त्या भागातून जाणार होता. जमिनीतून रस्ता जाणार म्हटल्यावर काय होतं, हे नांदेड-लातूरकरांना सांगायला नको. गास्ताँ तेव्हा गावाचे महापौर होते. ते लढले आणि शेवटी रूळ बागांच्या खालून बोगद्यातून गेले.

जागेचं महत्त्व मला स्वतःच्या मूर्खपणातून कळलं. नाशिकहून आणलेली शेनिनची एक बाटली मी सहा वर्षं नांदेडच्या घरात माळ्यावर ठेवली. जुनी होईल तितकी भारी, असा समज. उघडली तर रंग चहासारखा आणि वास शिळ्या सफरचंदाचा. वाइनरीचा काही दोष नाही. ती वाइन एक-दोन वर्षांत प्यायची होती आणि मी तिला सहा उन्हाळे भाजली.

आता दादांचा प्रश्न. वाइन फक्त नाशिकलाच होते असं नाही. अकलूजला मोहिते-पाटील कुटुंबानं इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्ली उभी केली, आणि सोलापूर जिल्हा काही थंड नाही. म्हणजे चांगली, ताजी प्यायची वाइन उष्ण भागातही होते. 50 वर्षांची मात्र विसरा.

आणि खरा धोका चवीत नाही, विक्रीत आहे. थॉमसनला भाव पडला तर बेदाणा करून तासगावला नेता येतो. शेनिनचा मणी बारीक, आत बी. बाजारात कोणी घेत नाही, बेदाणाही होत नाही. गिऱ्हाईक एकच, वाइनरी. 2008-09च्या मंदीनंतर नाशिक भागात वाइनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. म्हणून दादा, आधी खरेदीचा लेखी करार, किती वर्षांचा आणि माल नाकारला तर काय, हे वकिलाकडून वाचून घ्या. मग अर्ध्या एकरावर लावून बघा. थॉमसन आत्ताच काढू नका.

शेवटी एक. गास्ताँ 2002 साली गेले आणि पुढच्याच वर्षी बाग दुसऱ्या कुटुंबाकडं गेली. नाव ह्यूएतच राहिलं. त्यांचे जावई नोएल पँगे पुढंही काही वर्षं वाइन करत राहिले. 1947च्या बाटल्या अजून निघतात, पण ती घालणारं घर आता मालक नाही. 50 वर्षं टिकणारी वस्तू करायची तर तिला सांभाळणारं कोणीतरी 50 वर्षं लागतं. औशात तुमच्यानंतर बाग कोण बघणार, हे घरात बसून बोला. लागवडीच्या आधी.

तुमचे अनुभव कळवा. भेटू पुढच्या भागात.