दोन असमान पडदे आणि एक लॅपटॉप

जालना हें बियाण्यांच्या आणि पोलादाच्या व्यापाराचें शहर. तेथील पेढ्यांचे हिशेब आतां वहीऐवजीं लॅपटॉपवर लिहिले जातात. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर बीजकांतील प्रत्येक आंकडा विवरणपत्रांत बिनचूक उतरणें अगत्याचें झालें आहे. लॅपटॉपचा पडदा मात्र लहान. बीजक उघडलें कीं विवरणपत्र झांकलें जातें, विवरणपत्र पुढें घेतलें कीं बीजक दिसेनासें होतें. आंकडा मनांत धरून एका खिडकींतून दुसरींत जातांना ५४ चे ४५ कधीं झाले, हें लिहिणाऱ्यालाहि कळत नाहीं.

यावर उपाय म्हणजे लॅपटॉपला आणखी पडदे जोडणें. पुष्कळ घरांतून जुन्या संगणकाचा १९ इंची चौकोनी मॉनिटर पडून असतो, आणि मागाहून घेतलेला २४ इंची रुंद मॉनिटरहि असतो. दोन्ही जोडून पाहिल्यास एकावर अक्षर मोठें, दुसऱ्यावर लहान, आणि माउसचा बाण मध्येंच अडतो, असा अनुभव येतो. मग जुना मॉनिटर माळ्यावर जातो व नव्या जोडीसाठीं पैसे मोजले जातात. वास्तविक दोष मॉनिटरचा नसून मांडणीचा असतो.

प्रथम जोडणीचा विचार करावा. जुन्या मॉनिटरच्या मागें बहुधा १५ पिनांची व्हीजीए जोडणी असते. ती आयबीएम कंपनीनें १९८७ सालीं प्रचारांत आणली. नव्या लॅपटॉपवर ती सहसा आढळत नाहीं. तेथें २००२ च्या अखेरीस जाहीर झालेली एचडीएमआय, अथवा त्याहून नवी यूएसबी-सी असते. व्हीजीएमधून चित्र विजेच्या चढउतारांच्या रूपानें जातें, एचडीएमआयमधून अंकांच्या रूपानें. म्हणून साधी केबल येथें पुरत नाहीं. रूपांतर करणारा छोटा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ असा हवा, हें दुकानदाराला स्पष्ट सांगावें. उलट दिशेचा निरुपयोगी ठरतो. यूएसबी-सीचें प्रत्येक पोर्ट चित्र वाहून नेतेंच असें नाहीं, आणि प्रत्येक लॅपटॉप दोन बाहेरील पडदे चालवितोच असेंहि नाहीं. तेव्हां खरेदीपूर्वीं माहितीपत्रक अवश्य वाचावें.

आतां अक्षरांचा प्रश्न. पडद्यावरील चित्र सूक्ष्म बिंदूंचें बनलेलें असतें. १५.६ इंची लॅपटॉपवर आणि २४ इंची मॉनिटरवर पुष्कळदां सारखेच, म्हणजे आडवे १९२० व उभे १०८० बिंदू असतात. संख्या तीच, पण जागा निराळी. म्हणून एका इंचांत लॅपटॉपवर सुमारें १४१ बिंदू बसतात, तर त्या मॉनिटरवर सुमारें ९२. १२८० गुणिले १०२४ बिंदूंच्या १९ इंची मॉनिटरवर ते सुमारें ८६ असतात. साहजिकच तेवढ्याच बिंदूंचें अक्षर लॅपटॉपवर बारीक दिसतें.

सर्व पडद्यांची बिंदुसंख्या एकच करावी, असा मोह येथें होतो, तो टाळावा. जालनेकरांना याचा दाखला घरचाच आहे. निजामाच्या राजवटींत बांधलेला मनमाड-जालना लोहमार्ग १ मीटर रुंदीचा होता, तर मनमाडवरून जाणारा मुंबईचा मार्ग १.६७६ मीटर रुंदीचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस जालन्याचा मार्ग रुंद झाला; तोंवर दोन्ही मार्ग आपापल्या रुंदीनेंच चालत आणि अदलाबदल मनमाडच्या सांध्यावर होई. पडद्यांनाहि हाच नियम लावावा. मूळ बिंदुसंख्या सोडली तर एका बिंदूचें चित्र शेजारच्या बिंदूंत वांटलें जातें व अक्षराच्या कडा पुसट होतात. डोळे शिणतात ते त्यामुळें.

विंडोज प्रणालींत ‘विंडोज’ आणि ‘पी’ हीं दोन बटणें एकदम दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावें. नंतर सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’चें पान उघडावें. तेथील ‘स्केल’नें प्रत्येक पडद्यावरील अक्षर स्वतंत्रपणें वाढवितां येतें, ही सोय २०१३ सालच्या विंडोज ८.१ पासून आहे. लॅपटॉपला १५० टक्के व दोन्ही मॉनिटरांना १०० टक्के दिल्यास लॅपटॉपचे १४१ बिंदू ९४ बिंदूंसारखे वागतात, आणि तिन्ही पडद्यांवर अक्षर जवळजवळ सारखें होतें.

त्याच पानावर पडद्यांचे चौकोन दिसतात. ‘आयडेंटिफाय’ दाबल्यावर प्रत्येक पडद्यावर त्याचा क्रमांक उमटतो. मेजावर जो मॉनिटर डावीकडे, त्याचा चौकोन माउसनें ओढून डावीकडेच ठेवावा. नाहींतर बाण भलत्याच बाजूनें बाहेर पडतो. एकाची उंची १०८० बिंदू, दुसऱ्याची १०२४; म्हणजे ५६ बिंदूंच्या पट्टींत बाण अडणारच. दोन्ही चौकोनांच्या खालच्या कडा जुळविल्या म्हणजे हा अडथळा वरच्या कोपऱ्यांत जातो, जेथें तो क्वचित्‌च जाणवतो.

शेवटीं मेजावरील मांडणी. हे दोन्ही मॉनिटर रुंदीनें भिन्न असले तरी प्रत्यक्ष उंचीनें सुमारें ३० सेंटिमीटरच भरतात. त्यामुळें ते एका पातळींत सहज उभे राहतात. मोठा मॉनिटर समोर ठेवून तोच मुख्य करावा, म्हणजे मान वळवावी लागत नाहीं. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळींत अथवा किंचित् खालीं असावी. जुना मॉनिटर बाजूस थोडा तिरपा ठेवावा. ए-४ कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर असते. म्हणून अख्खें बीजक या जुन्या पडद्यावर जवळजवळ मूळ आकारांत मावतें. बीजक बाजूला, विवरणपत्र समोर, अशी व्यवस्था झाली कीं आंकडा मनांत धरून ठेवण्याचें कारण उरत नाहीं. तो पाहून लिहितां येतो, आणि लिहिल्यावर ताडूनहि पाहतां येतो.