व्यायामाची वही

सुश्रुतसंहितेंतील एक आज्ञा आम्हीं अध्ययनाच्या काळीं वाचली होती. तिचा उपयोग मात्र साठी उलटल्यावर कळला. आपल्या बळाच्या अर्ध्यानेंच व्यायाम करावा, असें सुश्रुताचार्य सांगतात. आणि श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धें बळ खर्चलें असें समजावें, ही खूणही देतात. खूण उत्तम आहे, परंतु ती त्या क्षणापुरती. गेल्या महिन्यांत हा श्वास कितव्या नमस्काराला फुलला होता, हें आजचा श्वास सांगत नाहीं. तें लिहूनच ठेवावें लागतें.

दोन वर्षांपूर्वीं रक्तांत साखर निघाली, तेव्हां यवतमाळच्या आमच्या डॉक्टरांनीं विचारलें, "मास्तर, व्यायाम होतो ना?" आम्हीं निःशंकपणें उत्तर दिलें, "रोज चोवीस सूर्यनमस्कार." ते हसून म्हणाले, "मग एक महिना लिहून आणा." एकतीस दिवसांच्या त्या महिन्यांत नमस्काराचे दिवस सोळाच भरले, आणि चोवीसचा आंकडा अवघा पांच वेळां आला! आम्ही डॉक्टरांशीं खोटें बोललों नव्हतों. जें कधींकधीं घडत होतें, तेंच मनानें नित्याचें म्हणून धरलें होतें.

याहून लाजिरवाणी गोष्ट नवव्या दिवसाची. त्या रात्रीं आम्हीं सवयीनें 'चोवीस' लिहिलें. पलीकडे भाजी निवडीत बसलेल्या आमच्या कुटुंबानें विचारलें, "अहो, आज कुठें घातलेत नमस्कार? आज तर सकाळभर वर्तमानपत्र वाचीत होतां!" जन्मभर मुलांच्या नांवापुढें आम्हीं गैरहजेरी बिनदिक्कत मांडली, स्वतःच्या नांवापुढें शून्य काढतांना मात्र हात अडखळला.

आखाड्यांत ही अडचण पडत नसे. जोर-बैठका मोजावयास वस्ताद समोर उभा असे, आणि बरोबरीचे गडी पाहत असत. शेजारच्या अमरावतीस वैद्य बंधूंनीं 1914 सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें. त्याचें पथक 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ दाखवून आलें. औंधाच्या पंतप्रतिनिधींनीं तर संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. तेथें सर्वांच्या देखत व्यायाम होई. घरीं एकट्यानें करणारास साक्षीदार कोण? वहीच.

शिवाय, वहीवांचून पुढचें पाऊल कोणतें तेंही ठरत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंतील लष्करी डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनीं जायबंदी सैनिकांचे दुबळे पाय वजनें उचलवून बळकट केले. लागोपाठ दहा वेळां उचलवेल तें जास्तींत जास्त वजन ते ठरवीत, आठवड्यानें तें पुन्हां तपाशीत, आणि झेपेल तसें वाढवीत. ही पद्धति 1945 सालीं प्रसिद्ध झाली. मागचा आंकडा टिपलेला नसेल तर यांत वाढवावयाचें काय? जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांस व वृद्धांस आठवड्याला निदान दीडशें मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. ही आठवड्याची बेरीज तोंडीं ठेवून पाहावी. आमची तरी नेहमीं फुगते. हल्लीं मोबाईल पावलें मोजतो खरा, पण चुकलेल्या दिवसाचें कारण त्याला ठाऊक नसतें.

कारणाचा रकाना आम्हांस सर्वांत उपयोगी पडला. वैशाखांत नमस्कार कां घटले, याचें उत्तर आम्ही 'ऊन' असें देत होतों. वहींत सलग अकरा दिवस 'उशिरा उठलों' असें निघालें! सूर्योदयापूर्वीं उठूं लागतांच आंकडा सुधारला. श्वास कितव्या नमस्काराला फुलला, हेंही आम्ही टिपतों. तो बहुधा अठराव्याला फुलतो. आणि ज्या दिवशीं हट्टानें चोवीस घातले, त्याच्या दुसऱ्या दिवशीं बहुतेक ठिकाणीं 'उजवा गुडघा' असें लिहिलेलें आहे. हे दोन रकाने एकमेकांशेजारीं नसते, तर गुडघ्याचा दोष आम्हीं वयावर लोटला असता.

डॉक्टरांनीं ती वही पहिल्या पानापासून वाचली. औषध त्यांनीं तेंच ठेवलें. चोवीसाचा हट्ट मात्र सोडवून अठरावर थांबावयास सांगितलें, आणि उरलेला वेळ चालण्यास दिला. गेल्या मंगळवारीं पाऊस होता. त्या दिवशींचें चालणें शून्य आहे.