पित्ताचा खडा आणि धुमसती सूज

‘पित्त झालंय’ म्हणत बाई ओवा चघळते, सोडा पिते. पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीत जाणारी कळ पित्ताशयातल्या खड्याचीही असू शकते. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, गरोदरपणात पित्ताशय सुस्तावतं. म्हणून खडे बायकांमध्ये जास्त. वर्षानुवर्षं खडा अस्तराला घासतो, सूज धुमसत राहते. झिजलेल्या पेशी पुन्हा पुन्हा नव्याने तयार होताना जनुकांत चुका साचतात आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. सूज आणि कर्करोगाचं हे नातं जर्मन वैद्यक शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरखो यांनी १८६३ मध्येच हेरलं होतं.

पित्ताशयाचा कर्करोग पुरुषांपेक्षा बायकांना बराच जास्त होतो. भारतात गंगेच्या खोऱ्यात, जगात चिलीमध्ये तो विशेष आढळतो. घाबरू नका, खडे असलेल्या बहुतेकींना तो कधीच होत नाही. मात्र ३ सेंटिमीटरहून मोठा खडा अंगावर काढू नका. डोळे पिवळे दिसले, वजन उतरलं, तर लगेच सोनोग्राफी करा. शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजी तपासणीला गेलं का, हे आवर्जून विचारा. काही जणींचा कर्करोग तिथेच, अगदी सुरुवातीला सापडतो.